निळ्या फुलदाणीवरचा अंगठा

"चार दिवस! मला फक्त चार दिवस द्या. ही फुलदाणी कुठे घडली, कुणी घडवली आणि घडवताना त्या माणसाचं लक्ष कुठे होतं, तेसुद्धा सांगतो!"

बुधवारी सकाळी बैठकीच्या खोलीत ही घोषणा झाली तेव्हा ऐकायला दोनच माणसं होती. एक मेहुणा, ज्याने ती फुलदाणी जुन्या टॉवेलात तान्ह्या बाळासारखी गुंडाळून आणली होती. दुसरी त्याची बहीण, म्हणजे घोषणा करणाऱ्यांची बायको. ती दाराशी उभी राहून म्हणाली, "गेले सहा महिने बाथरूमचा नळ कुणी ढिला केला ते सांगता आलं नाही. म्हणे फुलदाणी!"

घोषणा करणारे गृहस्थ पोलीस खात्याच्या ठसे विभागातून निवृत्त झाले होते. इमारतीत त्यांना पाठीमागे सगळे 'अंगठाबहाद्दर' म्हणत. सही न येणाऱ्याला लावायचं विशेषण दोन पदव्यांच्या माणसाला लागलं होतं, पण त्यांची तक्रार नव्हती. "ज्या अंगठ्याने पोट भरलं त्याचं नाव लागलं, तर बिघडलं काय?" असं ते म्हणत. बैठकीत, घड्याळाच्याही वर, खात्याने निरोपाला दिलेली फ्रेम होती. तिच्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं : 'बत्तीस वर्षे. एकही चूक नाही.' पाहुणा आला की त्याला असं बसवलं जाई, की मान वर केली की फ्रेम आणि खाली केली की फ्रेमचे मालक.

मेहुण्याला जुन्या वस्तूंचं वेड होतं. एखाद्या गोष्टीला गंज चढला असेल तर तो तिला नमस्कार करी. ही फुलदाणी त्याला एका भंगारवाल्याच्या खोक्यात सापडली होती. वीतभर उंच, गडद निळी, आणि मान डावीकडे कललेली, जणू कुणीतरी हाक मारली आणि तिने मुद्दाम लक्ष दिलं नाही.

"भाऊजी, दोनशे वर्षांची आहे," मेहुणा कुजबुजला. "तळाला चिन्ह बघा. तीन आडव्या रेघा आणि एक आकडा वळवल्यासारखी खूण. तीन रेघा म्हणजे तीन समुद्र! हे राजघराण्याचं काम आहे. मी त्यावर बारा पानांचा निबंध लिहिलाय. रविवारी आमच्या संग्राहक मंडळापुढे वाचणार आहे."

"तीन समुद्र!" बहाद्दर हसले. "अरे, राजघराण्याच्या फुलदाणीची मान अशी कलली असती तर दुसऱ्या दिवशी कुंभाराचीच मान कलली असती!"

पण हसता हसता त्यांचा हात भिंगाकडे गेला, कारण तळापासून दोन बोटं वर, निळ्या झिलईच्या खाली, एक अंगठा उमटला होता. स्वच्छ, पूर्ण, भट्टीत भाजून अमर झालेला!

"जुळं चक्र!" बहाद्दर ओरडले. "दोन भोवरे एकमेकांना मिठी मारून बसलेत! शंभरात पाच जणांकडे नसतं. माझ्या स्वतःच्या अंगठ्यावर आहे, म्हणून तर मला याची पारख. मातीच्या ओलेपणी उमटलेला ठसा आहे हा. म्हणजे हाच घडवणारा हात! आणि या रेघा बघ, किती बारीक, किती जवळजवळ. हात लहान. पुरुष बाद! ही बाई आहे. ठेंगणी, नाजूक, फार तर पाच फूट."

"आणि लग्न झालेलं की नाही?" दारातून प्रश्न आला.

"त्याला अजून थोडा अभ्यास लागेल," बहाद्दर गंभीरपणे म्हणाले.

मेहुणा चिडला. बारा पानं अशी एका अंगठ्याखाली चिरडली गेली तर कुणीही चिडेल. "ठीक आहे. रविवारी सगळ्यांसमोर त्या बाईला उभं करा. नाही जमलं तर?"

"नाही जमलं तर ती फ्रेम मी स्वतःच्या हाताने उतरवीन!"

बायकोनेसुद्धा वर बघितलं. ती फ्रेम रंगकामाच्या वेळीही उतरली नव्हती. रंगाऱ्याने तिच्या कडेकडेने रंग दिला होता.

खरं तर बहाद्दरांनी शिकाऊ पोरांना पहिल्याच दिवशी एक नियम शिकवलेला होता. पहिला ठसा स्वतःचा! घटनास्थळी सर्वांत जास्त वस्तू हाताळणारा मूर्ख म्हणजे तपासणारा, तेव्हा आधी स्वतःला वगळा आणि मग जगाकडे वळा. बत्तीस वर्षं त्यांनी हे फळ्यावर लिहिलं. पण भट्टीतल्या ठशाला हा नियम कशाला? आणि रेघा तर ठेंगण्या बाईच्या! ते थेट जगाकडे वळले.

भंगारवाल्याने फोनवर सांगितलं की खोका मागच्याच गल्लीतल्या एका बंद गाळ्यातून आला होता. म्हणजे बाई आसपासचीच. दुपारपर्यंत बहाद्दरांनी इमारतीतल्या पाच फुटांखालच्या बायकांची यादी केली. संध्याकाळी सरबताची आमंत्रणं गेली.

सरबत काचेच्या ग्लासांतून दिलं गेलं. ग्लास आधी पुसलेले, लखलखीत. बाई बसली की बहाद्दर हवापाण्याचं बोलत आणि मग सहज विचारल्यासारखं, पण पोलिसी आवाजात विचारत, "काय हो, तुम्ही कधी मातीत हात घातलाय का?"

बायका चपापत. एकीने ग्लास तसाच ठेवला आणि "दूध उतू जाईल" म्हणून जी गेली ती चपला विसरली. बाई गेली की बहाद्दर ग्लास दोन बोटांत अलगद धरून आतल्या खोलीत नेत, ब्रशने पावडर मारत आणि भिंगात डोळा घालत. शंख. साधं चक्र. पुन्हा शंख. जुळं चक्र कुठेच नाही!

गुरुवारी दुपारी बायकोला पलंगाखाली सतरा ग्लास सापडले. प्रत्येकावर पांढरी पावडर आणि गळ्यात चिठ्ठी. 'दुसरा मजला, डावीकडची, चार फूट अकरा.' 'पहिला मजला, सूनबाई, अंदाजे पाच फूट, चपला काढून मोजणे.'

"अहो! हे काय आहे?"

"पुरावे."

"कशाचे? चाळीस वर्षांच्या संसारात मला एकदाही विचारलं नाहीत सरबत घेतेस का म्हणून. आणि आता सतरा बुटक्या बायकांना घरी बोलावून पाजलंत!"

"अगं, शास्त्राला उंची कळते, बाई कळत नाही!"

"मला दोन्ही कळतं," बायको म्हणाली, आणि त्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांनी पाणी स्टीलच्या फुलपात्रातून प्यायचं ठरलं. घरात सगळे मिळून दोघेच होते.

इकडे जिन्यात वेगळंच शिजत होतं. गच्चीवरच्या कुंडीतून सोसायटीच्या सेक्रेटरींचं गुलाबाचं कलम महिन्यापूर्वी गायब झालं होतं. अंगठाबहाद्दर घरोघरच्या बायकांना बोलावून मातीत हात घातला का विचारतात, आणि ग्लास जपून ठेवतात! याचा अर्थ लावायला कुणाला भिंग लागलं नाही. शुक्रवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या. डोळे सुजलेले.

"मीच!" त्या म्हणाल्या. "मीच हात घातला होता!"

बहाद्दरांचा चेहरा उजळला. "केव्हा?"

"मागच्या महिन्यात. मोह झाला हो!"

"मागच्या महिन्यात? आणि इतक्यात वाळली, भाजली, निळीसुद्धा झाली?"

"निळी कशी होईल? गुलाबी आहे. आमच्या खिडकीत छान रुजलंय!"

आपण वेगवेगळ्या मातीबद्दल बोलतोय हे दोघांच्या लक्षात यायच्या आत मागून सेक्रेटरी जिना उतरत आले. त्यांनी ते सगळं ऐकलं. पुढचा तासभर जिन्यात जे झालं त्याचा वृत्तांत सोसायटीच्या नोंदवहीत चार पानं भरून आहे. शेवटी सेक्रेटरींनी बहाद्दरांचा हात हातात घेतला. "साहेब, एक आरोपी सापडली. आता झारी कुणी नेली तेवढं शोधा!"

"मी फुलदाणी शोधतोय!"

"झारी आणि फुलदाणी, दोन्ही पाण्याच्याच वस्तू," सेक्रेटरी म्हणाले. "तपास एकत्र चालवा."

शुक्रवार संपला तेव्हा बहाद्दरांच्या यादीतली सगळी नावं खोडलेली होती. मेहुण्याचा फोन आला. "भाऊजी, फ्रेमच्या मागचा खिळा तसाच ठेवा हं. मी तिथे एक जुनी किल्ली लावीन म्हणतो."

"रविवार अजून उजाडायचाय!" बहाद्दर गरजले आणि त्यांनी फोन आपटला. आपटल्यावर मात्र ते बराच वेळ फ्रेमकडे बघत बसले. बत्तीस वर्षांत हजारो अंगठे त्यांच्या डोळ्यांखालून गेले होते. त्यांच्या शब्दावर माणसं आत गेली होती आणि बाहेर आली होती. त्या शब्दाशिवाय त्यांच्याकडे उरलं काय होतं? पेन्शन, गुडघे आणि रोजचं शब्दकोडं.

एक नाव त्यांनी यादीत घातलंच नव्हतं. धाकटी बहीण. उंची चार फूट दहा. राहायला दोन रस्ते पलीकडे, पण अकरा वर्षांत तिने या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. वहिनी आणि ती, दोघी एकेकाळी एका ताटात जेवणाऱ्या. मग काहीतरी बिनसलं. काय, ते बहाद्दरांना नीट आठवत नव्हतं. घरगुती भानगडींत आपण शास्त्र आणत नाही, असं त्यांचं तत्त्व होतं.

शनिवारी सकाळी ते बहिणीकडे गेले. खिशात शाईची डबी आणि फुलदाणीचा मोठा करून काढलेला फोटो.

"दादा? आज कुणीकडे सूर्य उगवला?"

"बस. अंगठा दे."

"आधी पाणी तरी विचारायचं असतं, म्हणजे मी विचारायचं, तू नाही," बहीण म्हणाली आणि तिने अंगठा पुढे केला. भाऊ तसाच होता, यात तिला नवल नव्हतं.

साधा शंख. बहाद्दरांनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि खुर्चीत मागे रेलले. संपलं! बहिणीचं लक्ष मात्र फोटोवर होतं. तिने तो उचलला, उजेडात धरला, आणि तिच्या आवाजाला एकदम धार आली.

"हे तुला कुठे मिळालं?"

"का?"

"ही वहिनीची फुलदाणी आहे!"

"काहीतरीच! तिला माती म्हटलं की कपाळाला आठी पडते. तुळसदेखील तेलाच्या डब्यात लावलीय तिने!"

"आठी कधीपासून पडते ते आठव! आम्ही दोघी मागच्या गल्लीत मातीकामाच्या क्लासला जात होतो. वहिनीने पहिली फुलदाणी केली. मान कलली तशी बाई म्हणाल्या, राहू दे, हिला स्वभाव आलाय. नक्षी कोरायला ती ओलीच घरी आणली. टेबलावर ठेवली. तासाभराने बघते तर तिच्यावर हा भला मोठा अंगठा! घरात तेव्हा आपण तिघंच. वहिनी म्हणाली, वन्सं, तुम्हाला माझं कौतुक बघवलं नाही. मी म्हटलं मी नाही. तुला विचारलं तर तू पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाहीस. काय म्हणालास माहितीये?"

"काय?"

"'मी हात लावला नाही. लावला असता तर मला कळलं असतं.' मी म्हटलं, दादा, तू एवढा तज्ज्ञ, बघ ना एकदा भिंगातून. तर म्हणालास, घरगुती भानगडींत मी शास्त्र आणत नाही. वहिनीने ती कच्चीच क्लासवर नेऊन टाकली आणि पुन्हा तिकडे फिरकली नाही. आणि मी इकडे." तिने पदर खोचला. "अकरा वर्षं हा अंगठा माझ्या कपाळावर आहे, दादा. उद्या मी येणार. त्या बाईंनाही घेऊन येणार. सगळ्यांसमोर सांग, हा अंगठा कुणाचा ते!"

"सांगतो!" बहाद्दरही उठले. "पण एक लक्षात घे, रेघा ठेंगण्या बाईच्या आहेत."

"सांग म्हणजे झालं!"

रविवारी अकरा वाजता बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. मेहुणा बारा पानं घेऊन आलेला, संग्राहक मंडळाचे दोन सभासद त्याच्या मागे. सेक्रेटरी झारीच्या आशेने आलेले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू सेक्रेटरींकडे पाठ करून. बहीण दाराशी उभी, उंबऱ्याच्या बाहेर. बायको खिडकीशी उभी, तिच्याकडे न बघता. मध्ये टेबलावर निळी फुलदाणी.

"ही तुझीच, असं बहीण म्हणते," बहाद्दर म्हणाले. बायकोने ती प्रथमच जवळून बघितली. पुढे झाली. मागे झाली.

"माझी नाही," ती म्हणाली. "माझी मोठी होती. आणि राखाडी."

"अहो, कच्ची माती राखाडीच असते," मातीकामाच्या बाई म्हणाल्या. सत्तरीच्या, हातांना भेगा पडलेल्या, आवाज स्वच्छ. "तुम्ही टाकून गेलात, मी झिलई लावून भाजली. क्लास बंद केला तेव्हा कुणी न नेलेली भांडी खोक्यात भरून गाळ्यातच ठेवली होती. तळाची खूण माझी. तीन रेघा म्हणजे तिसरी फळी, आणि तो वळवलेला सात. तिसऱ्या फळीवरचं सातवं भांडं."

"तीन समुद्र?" मेहुण्याने क्षीण आवाजात विचारलं.

"फळी," बाई म्हणाल्या. "आंब्याच्या लाकडाची होती. वाळवी लागली."

मेहुण्याने बारा पानांची घडी घालून ती खिशात ठेवली. बहाद्दरांनी विजयाने फ्रेमकडे बघितलं. "घडवणारी सापडली! माझी बायको! उंची पाच फूट एक! मी म्हणालो नव्हतो? दे अंगठा!"

बायकोने अंगठा दिला. साधं चक्र.

"म्हणजे घडवणारा हात एक आणि अंगठा दुसऱ्याचा," बहीण दाराबाहेरून म्हणाली. "हेच मी अकरा वर्षं सांगतेय!"

"पण माझी एवढी मोठी होती," बायको अजून तिथेच अडकली होती. तिने हातांनी माप दाखवलं. "ही छोटी कशी?"

"आटली," बाई म्हणाल्या. "माती वाळली की आटते, भाजली की आणखी आटते. आठ बोटांचं भांडं भट्टीतून सात बोटांचं निघतं. त्यावर जे असेल तेही आटतं. नक्षी, नाव."

"आणि अंगठा?" बहिणीने विचारलं.

"अंगठा काय वेगळा आहे? आठाचा सात!"

बहाद्दरांच्या हातातलं भिंग टेबलावर टेकलं. बत्तीस वर्षं त्यांनी काचेवरचे, लोखंडावरचे, कागदावरचे ठसे बघितले होते. काच आटत नाही. लोखंड आटत नाही. ठेंगणी नाजूक बाई त्यांच्या डोळ्यांसमोर हळूहळू वाढू लागली. पाच फूट, साडेपाच... तिला मिशा फुटल्या. आणि त्या ओळखीच्या होत्या.

त्यांनी शाईची डबी उघडली, स्वतःचा उजवा अंगठा बुडवला आणि कागदावर टेकवला. पहिला ठसा स्वतःचा! अकरा वर्षं उशिरा का होईना.

"एक," ते भिंगातून बघत म्हणाले. "दोन. तीन."

बारा खुणा जुळल्या की पुरे असतात. ते बाराला थांबले नाहीत. सतरापर्यंत गेले. खोलीत फक्त आकडे ऐकू येत होते. आता त्यांना सगळं आठवत होतं. टेबलावर पेपर, पेपरावर काहीतरी राखाडी, ओलं, आणि त्याच्याखाली शब्दकोडं!

मेहुण्याला आधी कळलं. तो कानाशी वाकला. "भाऊजी, म्हणा जुळत नाही. इथे कुणाला वाचता येतंय? फक्त फ्रेम उतरवा, बाकी मी सांभाळतो."

बहाद्दरांनी समोर बघितलं. खिडकीशी बायको, उंबऱ्याबाहेर बहीण. जुळत नाही म्हटलं तर घरात शांतता. तपास लागला नाही एवढंच. पण मग अंगठा राहणार बहिणीच्या कपाळावर, आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून खोटा अहवाल निघणार. ते ताठ उभे राहिले.

"जुळला!" ते गरजले. "सतरा खुणा! शंकेला जागा नाही. हा अंगठा या घरातल्या कर्त्या पुरुषाचा आहे! बत्तीस वर्षांत एकही चूक नाही, आणि आजही नाही!"

"आणि 'मी हात लावला नाही' म्हणालात ते?" बायकोचा आवाज शांत होता. तो शांत असला की मांजर घर सोडून जाई.

"ती साक्ष होती," बहाद्दर म्हणाले. "चूक साक्षीदाराची. तज्ज्ञाची नाही!"

"आणि ठेंगणी बाई? नाजूक?"

"ती मातीची चूक!"

मग काय झालं याबद्दल सोसायटीत दोन मतं आहेत. सेक्रेटरी म्हणतात आधी वहिनी पुढे झाल्या, काकू म्हणतात आधी नणंदबाईंनी उंबरा ओलांडला. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या यावर मात्र एकमत आहे. आणि रडून झाल्यावर दोघींनी एकदम बहाद्दरांकडे वळून बघितलं, यावरही. त्या नजरेपुढे सेक्रेटरी झारी विसरून निघून गेले.

फ्रेम उतरली नाही. शर्त तशी होती आणि ती बहाद्दरांनी अक्षरशः जिंकली होती. निळी फुलदाणी बरोबर फ्रेमखाली, अंगठा पुढे करून ठेवण्यात आली. आता पाहुणा आला की मान वर केली की फ्रेम, खाली केली की पुरावा. सतरा ग्लास बहाद्दरांनी स्वतः घासले. "पुरावा नष्ट करण्याचा अधिकार तपासणाऱ्यालाच असतो," ते ताठ मानेने म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात नणंद-भावजयींनी मातीकामाच्या बाईंना गळ घालून शिकवणी पुन्हा सुरू करवली. एका सकाळी बहाद्दर चहाचा कप घेऊन बैठकीत आले, तर टेबलावर एक नवी, ओली, राखाडी बरणी. तिला चिठ्ठी : 'हात लावू नये. हे तुम्हालाच आहे.' बरणीच्या खाली आजचा पेपर. आणि बरणी टेकलेली बरोबर शब्दकोड्यावर.

बहाद्दरांनी हात पाठीमागे बांधले. वाकून डावीकडून बघितलं. उजवीकडून बघितलं. आठ उभं दिसत होतं, आडवं एकही नाही. दोघी आत बोलत होत्या. कप खाली ठेवून ते आतल्या खोलीत गेले आणि खात्यातले जुने रबरी हातमोजे चढवून परत आले. एकदा माणूस फसतो. तज्ज्ञ दोनदा फसत नाही!

त्यांनी बरणी दोन्ही हातांनी अलगद उचलली, पेपर काढला, बरणी जशीच्या तशी ठेवली आणि भिंगातून तपासली. एकही रेघ नाही! एकही चक्र नाही! साऱ्या ठसे विभागाला आणून दाखवावं असं निर्दोष काम!

फक्त जिथे जिथे दहा बोटं लागली होती तिथे तिथे दहा खळगे होते.

"अहो!" आतून हाक आली.

"मी हात लावला नाही!" बहाद्दर ओरडले, आणि मोजे ओढून काढायला लागले. ते निघता निघत नव्हते.